पांढरीच्या मातीचे शिक्षण : पुरातत्त्व व मानवशास्त्राच्या प्रवेशअर्जाविषयी सभासदांशी हितगुज



या पानावर आम्ही एरवी सरीचे अंतर, बेणेप्रक्रिया, हुमणीचा बंदोबस्त आणि खोडव्यातील पाचट यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण तो आपल्या घरातलाच आहे. गट ऑफिसात उसाची नोंद द्यायला येणारे सभासद आता मुलांच्या शिक्षणाचेही विचारतात. इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी.एड., कृषी पदविका यांची माहिती वाडीवस्तीवर पोचली आहे. परंतु "साहेब, पोरगी म्हणते पुरातत्त्वाच्या एम.ए.ला अर्ज करायचाय, हे नेमकं काय असतं?" असे कोणी विचारले की बाकावर बसलेली मंडळी हसतात. "खापरं आणि हाडं उकरायला शिक्षण कशाला पाहिजे?" असे कोणीतरी म्हणतोच.

हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट नाही. माती, पाणी, गाव, भावकी आणि कष्ट यांवरच ही दोन्ही शास्त्रे उभी आहेत, आणि हे सगळे शेतकऱ्याच्या घरात जन्मापासून पाहिलेले असते. शेतकऱ्याच्या मुलाने या अर्जात आपले घर आणि शेत लपवू नये, तेच पुढे करावे, एवढे सांगण्यासाठी हा लेख आहे.

ही शास्त्रे कोणती?

पूर्वीची माणसे मागे जे टाकून गेली, म्हणजे भांडी, चुली, घरांचे पाये, धान्याचे जळके दाणे, हाडे, हत्यारे, शिलालेख, त्यावरून त्यांचे जगणे समजून घेणे हे पुरातत्त्व. हयात माणसांत राहून त्यांची नाती, लग्ने, सण, धंदा, खाणेपिणे आणि शरीराची ठेवण अभ्यासणे हे मानवशास्त्र. अमेरिकेत पुरातत्त्व बहुधा मानवशास्त्राच्या विभागातच शिकवतात. आपल्याकडे दोन्ही वेगळे आहेत. पुण्याला पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज, तर मानवशास्त्रासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग आहे.

दोन्ही शास्त्रांतली महाराष्ट्राची दोन मोठी नावे मुंबई विद्यापीठात शिकलेली. डॉ. हसमुख सांकलिया मुंबईला फादर हेरास यांच्या हाताखाली एम.ए. झाले आणि पुढे लंडनला गेले. डॉ. इरावती कर्वे यांनी मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे शिकून १९३० साली बर्लिनची पीएच.डी. मिळवली. दोघेही १९३९ साली डेक्कन कॉलेजात रुजू झाले. गुजरातेत लांघणज येथे अश्मयुगीन माणसांचे सांगाडे निघाले, तेव्हा दोघांनी मिळून त्यावर काम केले. ती जागा सांकलियांनी खणायची आणि तिथली हाडे इरावतीबाईंनी वाचायची, अशी ही जोडी होती.

त्यांच्या कामाचा आपल्याशी संबंध किती जवळचा आहे पाहा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. आज त्या भागात ऊस उभा असतो. तिथे १९६८ ते १९८३ पर्यंत डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे गाव निघाले. जव, गहू, मसूर, वाटाणा, कुळीथ यांचे दाणे मिळाले. प्रमुखाचे पाच खणांचे घर सापडले आणि शेजारीच धान्याचे कोठार. नदीचे पाणी वळवायला काढलेला पाटही निघाला. पुढे पाऊसमान घटत गेले, शेती मोडत गेली आणि लोक शेळ्यामेंढ्यांवर आले, असा निष्कर्ष डॉ. म. के. ढवळीकर यांनी काढला. पाटपाण्यावर बागायत उभी करणे आणि पाणी आटल्यावर ती मोडणे हे या मातीला नवे नाही, असा त्याचा अर्थ. पाणीवाटपाच्या सभेत बसणाऱ्या कोणत्याही सभासदाने हे वाचण्यासारखे आहे.

मानवशास्त्राचेही तसेच. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांचे पुढे काय झाले, याची पाहणी इरावतीबाई आणि जाई निंबकर यांनी केली. ती १९६९ साली पुस्तकरूपाने आली. फार काय, आपले साखर कारखानेसुद्धा अभ्यासाचा विषय झाले आहेत. दिल्ली विद्यापीठातील बा. स. बाविस्कर यांनी कोपरगावच्या कारखान्याचा अभ्यास करून १९८० साली ग्रंथ लिहिला. डोनाल्ड ॲटवूड या मानवशास्त्रज्ञाने पश्चिम महाराष्ट्रातील ऊसवाल्या शेतकऱ्यांत राहून १९९२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या वार्षिक सभा, आपल्या निवडणुका, आपली ऊसतोडीची टोळी आणि मुकादम हे सगळे परदेशातले विद्वान येऊन लिहितात. आपल्याच घरातले कोणी ते का लिहू नये?

पांढर आणि काळी

आता आमच्या खात्याच्या अंगाने एक गोष्ट सांगतो. आपल्या बोलीत गावाची जागा ती पांढर आणि शेताची ती काळी. जुन्या उठलेल्या गावठाणाची पांढरी माती पूर्वी उन्हाळ्यात गाड्या भरून शेतात टाकत. पीक जोमदार येई. कारण सरळ आहे. माणूस जिथे पिढ्यान् पिढ्या राहतो तिथे राख, शेण, हाडे आणि खरकटे साठते. त्यामुळे त्या जमिनीत स्फुरद आणि चुना वाढतो. आपण माती परीक्षणात स्फुरद पाहतो तो खताचा डोस ठरवायला. पुरातत्त्ववाले स्फुरद पाहतात तो इथे वस्ती होती का हे ठरवायला. परीक्षा तीच, प्रश्न वेगळा.

आमच्या गटातील एका सभासदाच्या रानात असाच एक उंचवटा आहे, असेल दोन गुंठ्यांचा. ठिबकसाठी रान एका लेव्हलला आणायचे म्हणून जेसीबी सांगितला होता. त्यांची मुलगी घाटकोपरला मामाकडे राहून बी.ए. झालेली. ती सुट्टीत आली आणि आडवी पडली. "आबा, तेवढं सोडा. तिथं खापरं आहेत." आबा म्हणाले, "एकरी चाळीस टन धरले तर दोन गुंठ्याला दोन टन ऊस जातो. खापरं काय भाव देतात?"

सभासदाचे गणित चुकीचे नव्हते. दोन टन ऊस म्हणजे लहान शेतकऱ्याला काही कमी नाही. पण मुलीने आजीला बोलते केले. आजी म्हणाली, "तिथं जुनं गाव होतं. पटकी आली आन् गाव उठलं." मुलीने वरची खापरे गोळा केली नाहीत. जागच्या जागी फोटो काढले आणि ते कॉलेजातल्या बाईंना दाखवले. बाई म्हणाल्या, यातली काही पटकीच्या साथीच्या मानाने फार जुनी दिसतात, नीट पाहणी करावी लागेल. म्हणजे गाव एकदाच उठले, की दोनदा? आजीची आठवण कुठवर जाते आणि खापरे कुठवर जातात? आजीची आठवण मानवशास्त्राने तपासायची आणि खापरे पुरातत्त्वाने. अर्जात लिहायला याहून चांगला प्रश्न नाही.

सभासदांनी तूर्त तो तुकडा सोडून बाकीचे रान सपाट केले. लॅटरल थोडी वळवून घेतली, एवढेच.

मुंबईची उपनगरे : फुकटची शाळा

आपल्या भागातील पुष्कळ माणसे माथाडी कामामुळे घाटकोपर, भांडुप, मुलुंड भागात स्थायिक झाली. मुले शिकायला त्यांच्याकडे जातात आणि लोकलच्या गर्दीपलीकडे मुंबईत काही पाहण्यासारखे आहे हे त्यांना कोणी सांगत नाही. खरे म्हणजे ही उपनगरे ज्या साष्टी बेटावर वसली आहेत ते बेट म्हणजेच पुरातत्त्वाचे मोठे उघडे पुस्तक आहे.

कांदिवली-बोरिवली परिसरात टॉड नावाच्या आरमारी अधिकाऱ्याला अश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. त्यांचा त्यावरील लेख १९३९ साली लंडनच्या मानवशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आला. अंधेरी पूर्वेला कोंडिविटे, म्हणजे महाकाली लेणी. जोगेश्वरीला सहाव्या शतकातले प्रचंड शैव लेणे. बोरिवलीला मंडपेश्वर, या शैव लेण्याचे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात चर्च केले होते. तिथेच एकसरला समुद्रावरची लढाई कोरलेले वीरगळ उभे आहेत. उपनगरांतल्या गल्ल्यांतून, देवळांच्या मागे, विहिरींच्या काठी जुन्या मूर्ती आणि गद्धेगळ आजही मिळतात. गद्धेगळ म्हणजे दान दिलेल्या जमिनीला हात लावणाऱ्याला शाप देणारा दगड. सात-बारा निघण्यापूर्वीचा तो जमिनीचा पुरावाच समजा!

सगळ्यांत थोर कान्हेरी. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात डोंगर कोरून शंभरावर लेणी केलेली आहेत. साखर संघाच्या कामासाठी आम्ही मुंबईला गेलो असता एका रविवारी ती मुलगी, तिचा मामा आणि आम्ही असे तिघे तिथे गेलो. मामा माथाडी कामगार. तीस वर्षे मुंबईत काढली, पण डोंगर चढले नव्हते. मूर्तींपेक्षा आमचे लक्ष पाण्याकडे गेले. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात टाके आहे. त्याला पोढी म्हणतात. पावसाचे पाणी वाया जाऊ नये म्हणून खडकावर बोटा-दोन बोटांच्या पन्हाळी कोरून ते टाक्यात सोडले आहे. ढाळ इतका बेताचा की आमच्या सर्व्हेअरनेही मान डोलवावी. शेततळ्याचे अस्तर नाही, पंप नाही, तरी डोंगरमाथ्यावर भिक्षूंची मोठी वस्ती शतकानुशतके राहिली.

मुलीने शिलालेखांविषयी सांगितले. कल्याण, सोपारा, नाशिक येथील लोकांनी लेणी आणि टाकी करून दिली. कोणी शेत दिले आणि त्या उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रे द्यावीत असे कोरून ठेवले. कोणी रक्कम कायम ठेव म्हणून ठेवली आणि तिच्या व्याजातून खर्च लावून दिला. पुढे १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनीही पहलवी लिपीत आपली नावे कोरली आहेत. हे ऐकून मामा मेव्हण्याला तिथूनच फोनवर म्हणाले, "दाजी, आपल्या सोसायटीची ठेव पाच वर्षांत कुठं गेली कळत नाही, आणि यांनी दीड हजार वर्षांपूर्वी दगडावर हिशेब लिहून ठेवलाय. करू द्या पोरीला अर्ज."

मानवशास्त्रालाही उपनगरे कमी नाहीत. वेसावे येथील कोळीवाडा, मरोळचे जुने गावठाण, आरेच्या जंगलातील वारली पाडे, आणि आपलीच माथाडी मंडळी. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेला गाळा, गावाचे मुंबईतील ग्रामस्थ मंडळ, जत्रेची वर्गणी, मुंबईच्या पगारातून गावाकडे झालेली पाइपलाइन. यावर प्रबंध होऊ शकतो.

अर्ज कसा भरावा

पुरातत्त्वाच्या एम.ए.साठी पदवी इतिहासाचीच हवी असे नाही. वनस्पतिशास्त्राचा पदवीधर जळके दाणे ओळखतो, प्राणिशास्त्राचा हाडे ओळखतो. दोन्हींची या शास्त्राला गरज असते. पुण्यात वर सांगितलेल्या दोन संस्था आहेत. मुंबईत सांताक्रुझच्या कलिना परिसरात मुंबई विद्यापीठ आहे. विलेपार्ल्याचे साठ्ये महाविद्यालय आणि किल्ल्याजवळचे सेंट झेवियर्स येथे प्राचीन भारतीय संस्कृती शिकवतात. घाटकोपरच्या पलीकडच्या विद्याविहारला सोमय्या विद्यापीठातही प्राचीन इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व शिकता येते. हे विद्याविहार १९५९ साली कर्मशीभाई सोमय्या यांनी उभारले, आणि ते साखरेच्या धंद्यातच मोठे झालेले गृहस्थ. म्हणजे तिथेही पाया उसाचाच आहे! पात्रता, फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, म्हणून प्रत्येक संस्थेची चालू वर्षाची जाहिरात स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर राहू नये.

लागणीची नोंद उशिरा दिली की तोड उशिरा येते, हे आपण जाणतो. अर्जाचेही तेच.

१) कागदपत्रे निकालाची वाट न पाहता गोळा करावीत. गुणपत्रके, महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, रहिवासी दाखला, लागू असल्यास जातवैधता आणि नॉन-क्रिमीलेयर. तहसील कचेरीतल्या दाखल्याला वेळ लागतो.

२) प्रवेश परीक्षेसाठी पाठांतरावर भिस्त ठेवू नये. मराठीतच उत्तम पुस्तके आहेत. सांकलिया व माटे यांचे 'महाराष्ट्रातील पुरातत्त्व', ढवळीकरांचे 'महाराष्ट्राची कुळकथा', इरावतीबाईंचे 'मराठी लोकांची संस्कृती'. एवढी तीन नीट वाचली तरी मुलाखतीत तोंड उघडते.

३) शिफारसपत्र मागायचे असल्यास शिक्षकांना निदान तीन आठवडे आधी सांगावे, आणि आपण काय केले याची एक पानभर टिपणी सोबत द्यावी. पुढाऱ्याच्या चिठ्ठीचा इथे उपयोग नाही. आपले काम पाहिलेल्या शिक्षकाचे पत्रच चालते.

४) 'हा विषय का घ्यायचा' हे निवेदन सर्वांत महत्त्वाचे. वर सांगितलेल्या मुलीचा पहिला मसुदा आम्ही पाहिला. "मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे, आपली संस्कृती महान आहे," असा दीड पान मजकूर. हे हजार जण लिहितात. आम्ही तिला एवढेच सांगितले की, तू आबांना काय बोललीस ते लिही. दुसऱ्या मसुद्यात दोन गुंठ्यांचा उंचवटा आला, आजीची पटकीची आठवण आली, कान्हेरीच्या पन्हाळी आल्या आणि शेवटी प्रश्न आला की, हे गाव केव्हा वसले आणि कितीदा उठले. एक पान झाले, पण ते दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते.

५) परदेशी जायचे असेल तर तयारी वर्षभर आधी हवी. अमेरिकेतील बहुतेक अर्ज डिसेंबरच्या सुमारास संपतात. तिथे पीएच.डी.ला निवड झाल्यास फी माफी आणि शिकवण्याच्या मोबदल्यात निर्वाहवेतन पुष्कळ ठिकाणी मिळते, नुसत्या एम.ए.चा खर्च मात्र बहुधा स्वतःचा असतो. आपल्या विषयावर काम करणाऱ्या प्राध्यापकांना आधी पत्र लिहावे. जमीन गहाण टाकून जाण्याआधी हा फरक घरच्यांनी नीट समजून घ्यावा.

पोटापाण्याचे काय?

गोड बोलून आम्ही कोणाला फसवणार नाही. या क्षेत्रात नोकऱ्या थोड्या आहेत आणि एम.ए. होताच नेमणूक मिळेल अशी खात्री नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, राज्याचे पुरातत्त्व संचालनालय, संग्रहालये, भारतीय मानवशास्त्र सर्वेक्षण आणि महाविद्यालये ही मुख्य ठिकाणे. प्राध्यापकीसाठी नेट परीक्षा असते. तिच्यात पुरातत्त्व आणि मानवशास्त्र हे दोन्ही विषय आहेत. संशोधनासाठी सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतही मानवशास्त्र ऐच्छिक विषय म्हणून घेता येते. मानवशास्त्रवाल्यांना आरोग्य, पुनर्वसन आणि ग्रामविकासाच्या पाहण्यांतही काम मिळते. चार-पाच वर्षे ओढ सोसण्याची घराची तयारी हवी. आडसालीसारखे आहे हे. सुरूच्या हिशेबाने पाहिले तर निराशा पदरी येईल.

आणि मुलींच्या बाबतीत एक बोलतो. "उन्हात खड्ड्यात उतरायचं काम, मुलीला झेपेल का?" असे विचारले जाते. आपल्या मुली भांगलणीला, बेणे तोडायला उन्हातच असतात. तिथे झेपते, मग इथे का झेपू नये?

सभासदांना विनंती

रानात पांढरीचा उंचवटा, खापरांचा थर, कोरीव दगड, नाणी असे काही असल्यास सपाटीकरणापूर्वी गट ऑफिसला सांगावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा कळवणे बंधनकारक आहे. तो जिल्हाधिकाऱ्यांना तहसीलमार्फत कळवावा. श्रीरामपूर तालुक्यात दायमाबादला १९७४ साली झाडाचे मूळ खणताना गावच्या माणसाला धातूचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, आणि प्रवरेकाठचे ते गाव जगाच्या नकाशावर गेले. असे काही आपल्याही बांधाखाली असू शकते.

घाटकोपरच्या मुलीचा अर्ज आबांच्या सहीनिशी गेला आहे, परीक्षाही झाली आहे. यादी हा अंक छापायला जाईपर्यंत लागलेली नाही. नाव लागो न लागो, तो दोन गुंठ्यांचा तुकडा यंदाच्या लागणीत पडीक राहील, असे आबांनी नोंदीच्या वेळी स्वतः लिहून दिले.

कोणा सभासदाच्या मुलामुलीला असा अर्ज करायचा असल्यास मंगळवारी, गट ऑफिसच्या दिवशी, मसुदा घेऊन यावे. कागदपत्रांची यादी आम्ही काढून ठेवली आहे. माती परीक्षणाचा नमुना आणायचा राहिला असेल, तर तोही त्याच फेरीत आणावा.

— ऊस विकास अधिकारी